विद्यापीठाची मुदत आणि व्हिसाची मुदत

जर्मनीत मास्टर्ससाठी गेलेला आपला विद्यार्थी एकाच वेळी तीन ठिकाणी बांधील असतो. विद्यापीठात त्याची नावनोंदणी असते, परदेशी नागरिकांच्या कचेरीत त्याच्या निवास परवान्याची फाइल असते आणि इकडे नाशकात, सांगलीत किंवा चिंचवडमध्ये एखाद्या बँकेत वडिलांच्या सहीचे कर्जखाते असते. त्याच्या शिक्षणाची मुदत या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या रीतीने मोजली जाते. विद्यापीठ घाई करत नाही. परवाना आणि कर्ज घाई करतात. परदेशातल्या शिक्षणाचा अनुभव म्हणून घरी फोनवर जे सांगितले जाते (किंवा सांगायचे टाळले जाते), त्यातला मोठा भाग या मुदतींच्या ओढाताणीतून निर्माण होतो, असे मला वाटते. थंडी, भाषा आणि जेवण यांचा वाटा आहेच, पण तो आपण समजतो त्याहून बराच लहान आहे.

हे विवेचन जर्मनीपुरते ठेवण्याला कारण आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये फीचा आकडाच एवढा मोठा असतो की विद्यार्थ्याच्या वागण्यातले काय फीमुळे घडते आणि काय शिक्षणपद्धतीमुळे, हे वेगळे काढता येत नाही. जर्मनीत फी जवळजवळ नाही. हा एक घटक बाजूला झाला की उरलेले घटक स्वच्छ दिसतात. शिवाय हा प्रश्न आता काही मोजक्या घरांचा राहिलेला नाही. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले आणि पुढच्या वर्षी भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या घरात गेली. त्यांत अभियांत्रिकीची मुले सर्वाधिक. महाराष्ट्राचा तर या देशाशी जुना व्यवहार आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरे. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने, पुण्यात माक्स म्युलर भवन, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटचे जर्मनचे वर्ग. 'जर्मन कंपनी' ही पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत ओळखीची गोष्ट आहे. जर्मन विद्यापीठ मात्र तितके ओळखीचे नाही.

फी नाही, म्हणजे काय

जर्मनीत शिक्षण फुकट, ही जाहिरात बव्हंशी खरी आहे. २००५मध्ये तिथल्या संघीय संविधान न्यायालयाने राज्यांना फी आकारण्याची वाट मोकळी केली, काही राज्यांनी सत्राला साधारण ५०० युरो घ्यायला सुरुवातही केली, पण विरोध इतका झाला की एकामागून एक सगळ्यांनी ती मागे घेतली. शेवटचे राज्य नीडरझाक्सन, २०१४मध्ये. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशाच विद्यार्थ्यांना कोर्सनुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो लावले आहेत. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत सत्राचे अंशदान भरले की झाले, आणि त्यातही अनेकदा बस-ट्रामचा पास धरलेला असतो.

फी नसल्याचा पहिला परिणाम खिशावर होतो, दुसरा नात्यावर. पैसे भरलेले नसल्यामुळे विद्यार्थी ग्राहक नसतो. तो वर्गात आला नाही, परीक्षेला बसला नाही, सत्रभर दिसलाच नाही, तरी त्याला कोणी फोन करत नाही. आपल्याकडच्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात उपस्थिती ७५ टक्क्यांखाली गेली की पालकांना पत्र जाते. तिथे पालक ही व्यक्ती विद्यापीठाच्या हिशेबातच नाही. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या गुणांची चौकशी आईवडिलांनी केली तर त्यांना उत्तरही मिळणार नाही.

पैसा मागते ते सरकार, आणि तेही फी म्हणून नव्हे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट उघडून त्यात वर्षभराच्या राहणीचा खर्च एकरकमी भरावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि तिथे पोहोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हाती येतात. पैसा विद्यार्थ्याचाच, पण सुटतो हप्त्याने. त्यातून खोलीचे भाडे, महिन्याला शंभर युरोहून अधिक आरोग्यविमा, जेवण, आणि घरटी १८.३६ युरोंचा रेडिओ-टीव्हीचा कर. हा कर घरात टीव्ही नसला तरी भरावा लागतो, हे पहिल्या पत्रातच कळते आणि कोणालाच पटत नाही. मुद्दा असा की विद्यापीठाच्या दृष्टीने शिक्षण दोन वर्षांचे असले तरी सरकार ते एकेका वर्षाच्या रकमेत मोजायला सुरुवात करते. मुदतींची पहिली तफावत इथे, विमानात बसण्यापूर्वीच तयार होते.

गुणांचे रूपांतर

नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसापूर्वी दिल्लीच्या एपीएस या कार्यालयाकडून आपली कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. त्यानंतर विद्यापीठ आपले गुण जर्मन श्रेणीत बसवते. तिथली श्रेणी उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. रूपांतराचे सूत्र बहुतेक ठिकाणी एकच: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधील फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि उत्तीर्णतेला ४ लागत असतील, तर उत्तर २.० येते. टक्केवारीत ४०ला पास धरले तर ७० टक्के म्हणजे २.५, आणि ज्या ६० टक्क्यांवर आपल्याकडे 'फर्स्ट क्लास' म्हणून पेढे वाटले जातात ते ३.०. जर्मन भाषेत या श्रेणीला 'समाधानकारक' म्हणतात. कित्येक अभ्यासक्रमांत प्रवेशाची रेषा २.५वर असते.

या सूत्रात एक गंमत दडलेली आहे. उत्तीर्णतेची रेषा जितकी वर, तितकी त्याच गुणांची जर्मन श्रेणी खराब. ७० टक्क्यांना ४०च्या रेषेने २.५ मिळतात, ५०च्या रेषेने २.८. म्हणजे ज्या विद्यापीठाने पास होणे अवघड केले, त्याचा विद्यार्थी जर्मनीत किंचित मागे पडतो. सूत्र कोणाच्या बाजूचे नाही, ते फक्त कागदावरच्या तीन आकड्यांकडे पाहते. तिथल्या व्यवस्थेचा स्वभाव पुढेही असाच राहतो. नियम लिहिलेला असतो, तो सर्वांना सारखा लागतो, आणि तो वाचून वापरायची जबाबदारी तुमची असते.

सहा महिन्यांतले पंधरा आठवडे

विद्यापीठातले हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. पण प्रत्यक्ष व्याख्याने सत्रात चौदा-पंधरा आठवडेच चालतात. उरलेल्या काळाला नवा विद्यार्थी सुट्टी समजतो आणि तिकीट काढून घरी येतो. तो काळ सुट्टीचा नाही. बऱ्याच लेखी परीक्षा, निबंध, प्रकल्प आणि प्रयोगशाळेतली कामे त्यातच होतात.

हिशेब मांडला की हे लगेच दिसते. एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास काम धरलेले असते. सत्राला ३० क्रेडिट, म्हणजे कमाल ९०० तास, आणि मास्टर्सला चार सत्रांत १२०. आता सहा क्रेडिटचा एक विषय घ्या. त्याचे १८० तास झाले. आठवड्याला चार तास वर्ग पंधरा आठवडे भरला तर ६० तास. उरलेले १२० तास विद्यार्थ्याने एकट्याने, वाचनालयात किंवा खोलीत घालवायचे आहेत. शिक्षणाचा दोन-तृतीयांश भाग असा वेळापत्रकाबाहेर आहे. आपल्याकडे वेळापत्रक भरलेले असते आणि अभ्यास उरलेल्या वेळात होतो. तिथे वेळापत्रक मोकळे दिसते आणि अभ्यास हाच मुख्य भाग असतो. मंगळवारी एक आणि गुरुवारी दोन व्याख्याने, एवढे पाहून पहिल्या महिन्यात 'इथे काहीच लोड नाही' असे कळवणारा मुलगा जानेवारीत फोन उचलत नाही, त्यामागे हे १२० तास असतात.

या रचनेला इतिहास आहे. १८१० साली बर्लिनला विद्यापीठ सुरू झाले, त्यामागच्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या कल्पनेत शिक्षकाला शिकवण्याचे आणि विद्यार्थ्याला शिकण्याचे स्वातंत्र्य होते, आणि दोघेही ज्ञानाच्या शोधातले सहकारी मानले होते. पूर्वीच्या डिप्लोम आणि मागिस्टर पदव्यांत विद्यार्थी किती वर्षे घेतो याकडे कोणी फारसे पाहत नसे. १९९९मध्ये २९ युरोपीय देशांनी बोलोन्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यानंतर बॅचलर-मास्टर्स आले, क्रेडिट आले, विषयांचे तुकडे आले. जर्मन प्राध्यापक अजूनही या सुधारणेवर कुरकुरतात. माझ्या मते आजची पद्धत हा एक अर्धवट संकर आहे. वरून बोलोन्याची मोजपट्टी लावली आहे, आत हुम्बोल्टचे स्वातंत्र्य तसेच आहे. परदेशी विद्यार्थ्याला मोजपट्टी दिसते, स्वातंत्र्य उशिरा कळते.

वर्गातल्या पद्धती मी थोडक्यात सांगतो. व्याख्यान नव्वद मिनिटांचे, वेळापत्रकात दहा लिहिले असेल तर बहुधा सव्वादहाला सुरू होणारे. संपल्यावर विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या गाठी ठोकतात. व्याख्यानाला जोडून सरावाचा तास असतो. त्यात दर आठवड्याला गणितांचा कागद मिळतो, आणि काही विषयांत त्यांचे ठरावीक गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सेमिनारमध्ये विद्यार्थ्यानेच विषय मांडायचा आणि नंतर त्यावर पंधरा-वीस पानी निबंध लिहायचा. आपल्या मुलांना व्याख्यान सोपे जाते आणि सेमिनार जड, कारण सेमिनारात स्वतःचे मत विचारले जाते आणि 'सरांना काय अपेक्षित आहे' या प्रश्नाला तिथे कोणी उत्तर देत नाही.

परीक्षा: ओढाताणीचे केंद्र

आता मुख्य मुद्दा. आपल्या विद्यापीठांत परीक्षेचा फॉर्म भरणे ही औपचारिकता आहे. सगळा वर्ग सगळ्या विषयांना बसतो, राहिलेला विषय केटी म्हणून पुढे जातो, आणि केटी किती वेळा द्यायची याला व्यवहारात फारसा अंत नसतो. टर्मवर्क, सबमिशन, इंटर्नलचे गुण मिळून पडता पडता माणूस सावरतो.

जर्मनीत यातले जवळजवळ सगळे उलटे आहे. कोणत्या सत्रात कोणत्या विषयाची परीक्षा द्यायची हे बहुतांशी विद्यार्थ्याने ठरवायचे. त्यासाठी ठरलेल्या काळात ऑनलाइन नोंदणी करायची. नोंदणी राहिली तर अभ्यास कितीही झालेला असो, हॉलमध्ये प्रवेश नाही. नोंदणी केली आणि तयारी झाली नाही, तर ठरावीक तारखेपर्यंत नाव काढून घेता येते. नाव न काढता गैरहजर राहिले तर ५.०. आजारी पडलात तर डॉक्टरचा दाखला त्याच दोन-चार दिवसांत पोहोचला पाहिजे. बऱ्याच विषयांत संपूर्ण गुण एकाच परीक्षेवर असतात, कधी ती वीस-तीस मिनिटांची तोंडी परीक्षा असते. आपल्याकडची व्हायवा बाह्य परीक्षकाच्या चहापाण्यात उरकते. तिथली तोंडी परीक्षा मात्र सहा महिन्यांचा निकाल अर्ध्या तासात लावते.

त्याहून महत्त्वाचे नियम दोन. एक: पास झालेली परीक्षा गुण सुधारण्यासाठी सहसा पुन्हा देता येत नाही. ३.७ने पास झालात, तर ३.७ कायमचे. दोन: नापास झालात तर संधी मोजक्या, बहुतेक ठिकाणी एकूण दोन किंवा तीन. त्या संपल्या तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते, आणि सामान्यतः जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही तोच अभ्यासक्रम घेता येत नाही. आपल्या मुलांत 'थर्ड अटेम्प्ट' हे दोन शब्द हळू आवाजात उच्चारले जातात, ते यामुळे.

हे नियम एकत्र ठेवले की विद्यापीठाचा सल्ला आपोआप तयार होतो: तयारी नसेल तर बसू नका. पुढच्या सत्रात द्या. नापास होणे महाग आहे, थांबणे फुकट आहे. जर्मन विद्यार्थी हेच करतो. चार सत्रांचे मास्टर्स पाच-सहा सत्रांत करणे तिथे अजिबात लाजिरवाणे नाही. 'इयर डाऊन' ही संकल्पनाच नाही, कारण वर्ष असे काही नसतेच, फक्त जमलेले क्रेडिट असतात.

पण आपल्या विद्यार्थ्याला थांबणे फुकट नाही. त्याचा निवास परवाना ठरावीक मुदतीचा असतो, आणि तो वाढवताना कायद्याचा निकष असतो की शिक्षणाचा हेतू वाजवी काळात पूर्ण होण्याजोगा आहे का. कचेरी त्यासाठी गुणपत्रक मागते. गुणपत्रकात न दिलेल्या परीक्षांचे शहाणपण दिसत नाही, फक्त कमी क्रेडिट दिसतात. मग विद्यार्थी काय करतो? तयारी नसताना बसतो. नापास झाला तर एक संधी गेली, काठावर पास झाला तर वाईट श्रेणी कायमची चिकटली. विद्यापीठाने दिलेले स्वातंत्र्य परवान्याच्या भीतीने वापरलेच जात नाही, आणि वापरले तर त्याची किंमत दुसऱ्याच टेबलावर चुकवावी लागते. जुने विद्यार्थी नव्यांना 'पहिल्या सेमला तीसच्या तीस क्रेडिट उचलू नकोस, पण वीसच्या खालीही येऊ नकोस' असे सांगतात, ते दोन मुदतींमधला हा मध्य अनुभवाने काढून.

एक दिलासा मात्र नियमातच आहे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा दिवस जाहीर होतो. विद्यार्थी जातो, आपला पेपर हातात घेतो, कुठे गुण गेले ते पाहतो, शंका असेल तर समोरच्या सहायकाला विचारतो, आणि चूक असेल तर गुण वाढतात. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागत नाही. आपली मुले सुरुवातीला या दिवशी जातच नाहीत. पेपर पाहायला मागणे म्हणजे सरांवर अविश्वास दाखवणे, हा इथला संस्कार तिथेही सोबत येतो.

काम आणि तास

पैशाची गरज भागवायला विद्यार्थी काम करतो. मार्च २०२४पासून त्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. विद्यापीठातच संशोधन सहायक म्हणून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीत 'हीवी' म्हणून काम मिळाले तर ते या मोजणीत धरत नाहीत. २०२५च्या १२.८२ युरो किमान वेतनाने आठवड्याला २० तास केले तर महिन्याला साधारण १,१०० युरो होतात. ब्लॉक्ड अकाउंटचा महिन्याचा हप्ता ९९२ युरो होता, हे आठवा. म्हणजे आठवड्याला वीस तासांत खर्च निघतो. हे गणित कन्सल्टंटच्या सभागृहात फळ्यावर लिहिले जाते आणि पालक समाधानाने मान डोलावतात.

त्याच फळ्यावर दुसरे गणित मात्र कोणी लिहीत नाही. सत्राचे ९०० तास सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे ३५ तास येतात. त्यात नोकरीचे २० मिळवा. ५५ तास झाले, आणि त्यात स्वयंपाक, कपडे, ट्रेन, कचेरीच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत. हे सतत पेलत नाही. म्हणून विद्यार्थी सत्राला ३०ऐवजी २० क्रेडिट घेतो. १२० भागिले २०, सहा सत्रे. दोन वर्षांचे तीन झाले. तिसऱ्या वर्षासाठी परवाना वाढवायचा तर राहणीच्या खर्चाची तजवीज पुन्हा दाखवायची. ती दाखवण्यासाठी काम करायचे. काम करायचे म्हणून क्रेडिट कमी. हे चक्र आळसाने सुरू झालेले नसते. पहिल्या दिवशी भरलेल्या ११,९०४च्या आकड्यातच ते होते.

सगळ्या कामांचे मोल सारखे नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. गोदामात पार्सले वेगळी करणारे वीस तास आणि संस्थेच्या प्रयोगशाळेत मोजमाप करणारे वीस तास यांचे वेतन जवळपास असते. पण दुसऱ्यातून प्रबंधाचा विषय निघतो, प्राध्यापकाची ओळख होते, पुढच्या नोकरीचा कागद तयार होतो. आणि दुसरे काम मिळेल की पहिले, हे बऱ्याचदा भाषेवर ठरते.

भाषेबद्दल आपल्याकडे उगाच एक सोपी समजूत आहे: कोर्स इंग्रजीत आहे, तर जर्मन लागणार नाही. कोर्स इंग्रजीत असतो, गाव जर्मनमध्ये. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, त्यासाठी घरमालकाचे पत्र लागते. पत्त्याच्या नोंदीशिवाय पुढची कामे अडतात, आणि सुरुवातीला घरच मिळत नाही. या सगळ्या कामांची पत्रे जर्मनमध्ये येतात, टपालाने, आणि प्रत्येक पत्रात एक तारीख असते. बी-वन पातळीपर्यंतची जर्मन पुण्यात शिकून गेलेल्या मुलाचे वाचलेले तास हे अभ्यासाचेच तास आहेत. हा खर्च आधी पुण्यात करावा, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे गेल्यावर शिकू म्हणणाऱ्यांनी वरचे ५५ तास पुन्हा मोजून पाहावेत.

प्रबंध

चौथ्या सत्रात ३० क्रेडिटचा प्रबंध. नोंदणी केल्यापासून सहसा सहा महिने. सोबत एक घोषणापत्र जोडायचे असते: हे काम माझे आहे, घेतलेले सगळे आधार नमूद केले आहेत. त्या कागदाला तिथे किती वजन आहे, हे दोन मंत्र्यांच्या उदाहरणांवरून दिसते. संरक्षणमंत्री कार्ल-टेओडोर त्सू गुटेनबेर्ग यांची डॉक्टरेट २०११मध्ये उचलेगिरीमुळे रद्द झाली आणि मंत्रिपद गेले. २०१३मध्ये शिक्षणमंत्री आनेटे शावान यांचेही तसेच झाले. जुन्या सबमिशनच्या फाइली खालच्या वर्गाला वारशाने देणाऱ्या वातावरणातून आलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागते, आणि काहींना ते उशिरा समजते.

या टप्प्यावर मात्र विद्यापीठाचे स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने हाती येते. प्राध्यापक विषय देतो, भेटीची वेळ देतो आणि बाजूला होतो. निष्कर्ष त्याच्या मताविरुद्ध निघाला तरी चालतो, अट एवढीच की मोजमापे पक्की हवीत. याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण इरावती कर्वे यांचे आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांची संमती नव्हती, पैसा जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जाचा होता. डाहलेमच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत मार्गदर्शक मिळाले ते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या सिद्धांताचे मोठे नाव. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध लावण्याच्या अपेक्षेने विषय दिला गेला होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. जी संस्था काही वर्षांतच नाझी धोरणांना शास्त्राचा मुलामा देणार होती, तिथे एका भारतीय विद्यार्थिनीचा उलटा निष्कर्ष पदवीसाठी मान्य झाला. याचे श्रेय फिशरच्या उदारपणाला देण्याचे कारण नाही. पद्धत बिनचूक असेल तर निष्कर्ष नाकारता येत नाही, या विद्यापीठीय संकेताला ते द्यावे लागेल. बाईंचे धैर्य त्याहून वेगळे, आणि तेही मोजायला हवे, कारण कर्ज आणि घरचा विरोध असताना मार्गदर्शकाला आवडेल तेच लिहून मोकळे होण्याचा मोह कमी नसतो.

आजच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर वंशशास्त्राची सावली नाही, पण मुदतीची आहे. बरेच जण प्रबंध उद्योगात करतात, कारण कंपनी सहा महिने मानधन देते आणि पुढे नोकरीची शक्यता असते. विद्यापीठातल्या संस्थेत केलेला प्रबंध अधिक खोल जाऊ शकतो, पण त्यात मानधन क्वचित. इथेही निवड विद्वत्तेच्या आवडीने होत नाही. खात्यात किती महिने उरले आहेत, यावर ती होते. अपवाद आहेत, पण ज्या घरांत कर्ज नाही त्या घरांत ते अधिक सापडतात.

पदवीनंतरची मोजणी

पदवी मिळाली की विद्यापीठाची मुदत संपते आणि उरलेल्या दोन आमनेसामने येतात. जर्मन कायदा पदवीधराला शिक्षणाशी सुसंगत नोकरी शोधण्यासाठी १८ महिने देतो, आणि त्या काळात कोणतेही काम करायला मुभा असते. अनेक भारतीय बँकांच्या शैक्षणिक कर्जयोजनेत हप्ता अभ्यासक्रमाची मुदत संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सहसा तारण लागते, आणि ते तारण बहुधा राहते घर असते. म्हणजे सरकार म्हणते, दीड वर्ष शोध. बँक म्हणते, एक वर्ष. त्यातही बँकेने अभ्यासक्रमाची मुदत मंजुरीच्या कागदावर दोन वर्षे धरलेली असते. सहा सत्रांत, तीन वर्षांनी पदवी घेणाऱ्याचे ते सवलतीचे वर्ष शिकता शिकताच सरते, आणि पहिला हप्ता जवळपास पदवीच्या कागदाबरोबर येतो. मुदतवाढीचा अर्ज करता येतो, पण तो कर्ज वाटप होत असतानाच, कारण दाखवून आणि विद्यापीठाचे पत्र जोडून करावा. बऱ्याच घरांत त्याची आठवण हप्ता थकल्याची नोटीस आल्यावर होते. सही वडिलांची असल्यामुळे ती नोटीस आखेनला किंवा केमनिट्झला जात नाही, ती चिंचवडच्या पत्त्यावर येते.